पॉम-गावठी मिक्स कुत्र्याचे केस उन्हाळ्यात पूर्ण काढावेत का? (सोलापूर)

अशोकचौक_वहिनी:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे गुंड्या आहे. आई पॉमेरेनियन, बाप गल्लीतला कुणीतरी. साडेसात किलो वजन, रंग कडक भाकरीचा, कान करपलेले. मुलाने हौसेने आणला. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, गुंड्या आमच्या गळ्यात राहिला. "घरात कुत्रं नको" म्हणणाऱ्या सासूबाईंच्याच खाटेखाली तो आता दिवस काढतो.

आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि वर पत्रा. मार्चपासूनच दुपारी ह्याची जीभ बाहेर. दिवसा भांड्याकडे बघत नाही, रात्री मात्र सगळं चाटूनपुसून खातो. शेजारचे म्हणतात टक्कल करून टाका. घरी येऊन केस कापणारा एक मुलगा आहे, तो पाचशेत झिरो मशीन मारतो म्हणाला. मारू द्यावी का?

शिवाय गोचीड. रोज काढते, रॉकेलच्या वाटीत टाकते, दुसऱ्या दिवशी कानात परत हजर. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे रोजची अंघोळ सुचवू नका.

कंबर_तलाव:
काढून टाका बिनधास्त. आमच्या लॅबचे (लॅब्राडोर) दरवर्षी काढतो, काही होत नाही.

निवृत्त_व्रणोपचारक:
वहिनी, झिरो मशीन नको. लॅबचे केस मुळात आखूड, तो हिशोब इथे लागू नाही. पॉमच्या अंगावर दोन थर असतात. वर लांब राठ केस, खाली लोकर. वरच्या थरामुळे ऊन थेट कातडीला लागत नाही. तो मुळापासून उडवला की कातडी भाजते, आणि काहींचे केस नंतर महिनोन्‌महिने ठिपक्याठिपक्यांनी येतात, काहींचे धड येतच नाहीत. काढायची ती खालची लोकर, तीही कंगव्याने किंवा तारेच्या ब्रशने. एक दिवसाआड गच्चीवर बसून विंचरा, पिशवीभर निघेल. कात्री लावायची तर पोटाला, पंजांच्या बोटांमध्ये आणि शेपटीखाली.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा पंजांच्या गादीला येतो. बाकी सगळं काम धापेवर चालतं. म्हणून थंडावा द्यायचा तो पोटाला आणि पंजांना. जुनी चादर ओली करून फरशीवर अंथरा, वर पंखा. अंगावर मात्र पांघरू नका, आत वाफ कोंडते. पत्र्यावर गोणपाट टाकून सांडपाणी मारा, त्याला पिण्याचं पाणी लागत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, तेव्हा फिरवणं सकाळी सातच्या आत नाहीतर रात्री. डांबरावर हाताची पालथी बाजू ठेवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही चालवत नाही.

दिवसा न खाता रात्री खाणं हे उन्हाळ्यात चालतं. पण धाप थांबतच नाही, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, असं दिसलं तर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तसाच दवाखान्यात न्या. बर्फ नको. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं तर वाट बघू नका.

आता गोचीड. ती घरात राहते, कुत्र्यावर फक्त जेवायला येते. रक्त प्याली की भिंतीच्या फटीत, खाटेच्या सांध्यात जाऊन हजारांनी अंडी घालते. म्हणून तुम्ही रोज काढता आणि रोज येतात. फटी सिमेंटने बुजवा, सासूबाईंची खाट कडक उन्हात काढा. रॉकेल वाटीतच ठीक, अंगाला लावू नका. गोचीड मारायला खायच्या गोळ्या मिळतात. फ्लुरालानरची गोळी साधारण १२ आठवडे चालते, अफॉक्सोलानरची महिनाभर. वजनावर ठरतात, आणि फिट येत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. ताप, खाणं पूर्ण बंद, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर रक्त तपासून प्लेटलेट बघायला सांगा. गोचीडतापावर डॉक्सीसायक्लिन आठवडे-आठवडे द्यावं लागतं, दोन दिवसांत तरतरी आली म्हणून सोडू नका. आणि घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम अजिबात नको.

जुळे_सोलापूरची_ताई:
एक भर घालते. गळ्यात पट्टा असेल तर काढा, छातीचा हार्नेस घ्या. छोट्या जातींची श्वासनळी नाजूक असते, त्यात उन्हाची धाप. ओढलं की खोकला लागतो. खायला काय देता?

अशोकचौक_वहिनी:
दूधभात, उकडलेलं अंडं. पण सासूबाई शेंगाचटणी लावून भाकरी देतात, पूजेतले बेदाणेही.

जुळे_सोलापूरची_ताई:
अहो, बेदाणे आणि द्राक्षं बंद करा! त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, किती खाल्ल्यावर होईल ह्याचा नेम नाही. आपल्या जिल्ह्यात तर घरोघरी बेदाणे, डबा वर ठेवा. चटणीतला लसूणही वाईट. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात.

अशोकचौक_वहिनी:
सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मग त्याच्यासाठी बिनलसणाची कुटते." भाकरी कोरडीच द्या, हे पटवायला रात्र जाईल बहुतेक. खाट गच्चीवर नेली. त्या मुलाला फोन केला, मशीन नको, फक्त पोट आणि पंजे कर. तरी पाचशेच म्हणतोय. कुणाला दोनशेत करणारा माहीत आहे का?