भातलावणीच्या एचिंगमधल्या बायका डावखुऱ्या का?

प्रश्न (कुडाळ)
घरी एक जुनं एचिंग आहे, म्हणजे आम्लाने कोरलेल्या तांब्याच्या प्लेटवरून छापलेलं चित्र. इरली (पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन) घेतलेल्या सहा बायका ओळीने वाकल्यात, मागे डोंगर, पुढे मेरेवर (बांधावर) तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी घेऊन एक माणूस. सगळ्या बायका डाव्या हाताने चूड (दोन-तीन रोपं) रोवतायत, आणि त्या माणसाचा पाय चौकटीच्या रेघेबाहेर आलाय. चित्रकाराने लावणी पाहिलीच नव्हती का? आणि हे खरंच एचिंग आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर (देवरुख)
प्लेटवर काढलेलं चित्र छापताना आरशातल्यासारखं उलटतं. मूठ डाव्या हातात धरायची, उजव्याने दोन-तीन रोपं सुटी करून चिखलात दाबायची, ही नेहमीची रीत. स्केच आहे तसं प्लेटवर उतरवलं की छापात हात बदलतात.

चित्रकाराने शेत पाहिलं होतं का, ते दिशेवरून ठरवा. लावणारी मागे मागे सरकते, म्हणजे लावलेलं भात तिच्या तोंडासमोर आणि मोकळा चिखल पाठीमागे. छापात डावं-उजवं बदलतं, पुढचं-मागचं नाही. इरलंही नीट बघा. वाकल्यावर ते पालथ्या होडीसारखं दिसतं, खालून फक्त हात आणि पोटऱ्या. चेहरे स्पष्ट काढले असतील तर मला शंका येईल.

उत्तर (रत्नागिरी)
पाय मुद्दाम बाहेर काढलाय. फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रुगेलच्या १५६८च्या ‘उन्हाळा’ या रेखाटनावरून १५७० साली छाप निघाला. त्यातही पाणी पिणाऱ्या कापणीवाल्याचा पाय आणि लांब दांड्याचा विळा खालची चौकट ओलांडतात. पुढचा माणूस अंगावर येतो, मागचं शेत लांब जातं.

तो छाप मात्र एन्ग्रेव्हिंग आहे. तांब्यात हत्याराने कोरलेली रेघ टोकाला निमुळती होते. एचिंगमध्ये मेणाचा थर सुईने ओरबाडतात आणि उघडं पडलेलं तांबं आम्ल खातं, म्हणून टोक बोथट. दहापट भिंग लावा. ठिपक्यांची जाळी दिसली तर छापखान्यातली नक्कल. डोंगराच्या रेघा फिक्या असतील, कारण त्या थोडा वेळ खाऊ देऊन वॉर्निशने झाकतात आणि पुढच्या आकृत्यांसाठी प्लेट पुन्हा आम्लात घालतात.

प्रश्नकर्ता
टोकं बोथट आहेत, मोकळा चिखल पाठीमागे आहे, चेहरे नाहीत. पण आभाळात ठिपके आहेत. बुरशी का?

उत्तर (रत्नागिरी)
तिरपा उजेड पाडून बघा. ठिपका काळा आणि किंचित उठलेला असेल तर ती शाई. थर तडकून आम्ल नको तिथे शिरलं की असे ठिपके येतात. तपकिरी, सपाट आणि कोऱ्या कडेवरही असतील तर आपल्या दमट हवेचे डाग. ते पुसू नका, कागदाचे तंतू उचकटतात. काच कागदाला चिकटली असेल तर ओढून काढू नका, जाणकाराकडून सोडवून घ्या. पुन्हा चौकटीत बसवताना मध्ये आम्लरहित माउंट (काच आणि कागद वेगळे ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) घाला आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.