मदत हवी: पोलीस भरतीची तयारी, कमी पैशात पौष्टिक काय खावं?

खाकी_स्वप्न
पोलीस भरतीची तयारी चालू आहे. सकाळी ग्राउंड, मग दिवसभर अभ्यासिका. धावण्याचं टायमिंग काही केल्या खाली येत नाही. शेवटच्या राउंडला पाय उचलत नाहीत, दम लागतो, संध्याकाळी वाचायला बसलं की डोकं जड होतं. सगळे म्हणतात खाणं कमी पडतंय. अकॅडमीतून डाएटचा कागद मिळालाय, त्यात बदाम, पनीर, चिकन आणि रोज अर्धा लिटर दूध लिहिलंय. ते परवडणारं नाही. मेसचे पैसे भरून महिन्याला वरच्या खाण्यासाठी ८०० रुपये उरतात. त्यात काय बसेल ते नेमकं सांगा. आधीचे धागे वाचून झालेत, तिकडे पाठवू नका. जरा लवकर सांगा, हातात वेळ कमी आहे.

तालीम_गल्ली
भावा, रात्री मूठभर हरभरे भिजत घाल. सकाळी ग्राउंडवरून आलास की ते खा, वर दोन केळी आणि गुळाचा खडा. आमच्या तालमीत पोरं यावरच तयार झालीत. ते पावडरचे डबे घेऊ नकोस. १६०० मीटरला किती वेळ येतोय?

अस्मानी
कुठे राहता, रूमवर गॅस आहे का, अंडी चालतात का, वजन किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

निळी_सायकल
सकाळी ओट्स घे, त्यात चिया सीड्स आणि थोडं पीनट बटर. पाच मिनिटांत होतं आणि पोट दुपारपर्यंत भरलेलं राहतं. मी मॅरेथॉनच्या तयारीत हेच खाते.

तालीम_गल्ली
ताई, ८०० रुपयांत चिया? शेंगदाणे खाल्ले की तेच पीनट बटर झालं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रथिनं असतात.

निळी_सायकल
साधे ओट्स इतके महाग नसतात. तुम्ही एकदा हिशोब करून बघा. भिजवलेले हरभरे सगळ्यांना पचत नाहीत, धावताना पोटात गुबारा धरतो.

खाकी_स्वप्न
मी मुलगी आहे. मला ८०० मीटर आहे, १६०० नाही. ३:२५ येतंय. पूर्ण २० मार्कांना २:५० च्या आत यावं लागतं.
लातूरला राहते. खोलीत आम्ही चौघी. गॅस नाही, घरमालकीण काकू शेगडी लावू देत नाहीत. पाण्याची इलेक्ट्रिक किटली आहे. वजन ४८. घरचे माळकरी आहेत, पण मी अंडी खाते. रूमवर मात्र अंडं आणलेलं चालत नाही. मेसला दोन्ही वेळा चपाती, बटाटा किंवा कोबी, भात आणि पातळ वरण. रविवारी संध्याकाळी सुट्टी.
आता तरी सांगा.

अस्मानी
मग हिशोब करू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुला रोज ४० ग्रॅम. तू धावतेस म्हणून ५५ ते ६० धर. मेसमधून निम्मी निघतात असं समजू. उरलेली अशी: ग्राउंडजवळ उकडलेल्या अंड्यांचा गाडा असतोच, तिथेच उभ्याने दोन अंडी खा (१२ ग्रॅम). मूठभर शेंगदाणे (७-८ ग्रॅम). संध्याकाळी अभ्यासिकेत फुटाणे, ५० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम. अंडी रोज परवडली नाहीत तर एक दिवसाआड घे, मधल्या दिवशी फुटाणे जास्त.
आणि मेसमध्ये एक कर. वरणाची डाळ तळाला बसलेली असते आणि पळी वरच्यावर फिरते. पातेलं नवीन येतं तेव्हा जा आणि "काकू, खालून ढवळून वाढा" म्हण. चार दिवस म्हटलंस की त्या आपणहून वाढतात.

तुळशीमाळ
घरात माळ असताना पोरीला गाड्यावर अंडी खायला सांगणं मला पटत नाही. शाकाहारातही सगळं मिळतं. सोयाबीनच्या वड्यांमध्ये शंभर ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत, अंड्यापेक्षा किती तरी जास्त.

तालीम_गल्ली
ती स्वतः खाते म्हणतेय, तिचं तिने ठरवलंय. आणि सोयावडी शिजवायची कशात?

तुळशीमाळ
उकळत्या पाण्यात वीस मिनिटं झाकून ठेवली की फुगते. पिळून, मीठ-तिखट-लिंबू लावून खाता येते. किटली आहेच. माझी भाची हॉस्टेलला हेच करते.

पांढरी_टोपी_परिचारिका
खाण्याचं नंतर बघू. खाकी_स्वप्न, दम लागतो, डोकं जड होतं, पाय उचलत नाहीत ही लक्षणं तू लिहिलीस. हिमोग्लोबिन कधी तपासलं आहेस का? पाळीत रक्तस्राव जास्त होतो का? माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का?

खाकी_स्वप्न
कॉलेजात रक्तदान शिबिर होतं, तिथे बोट टोचून बघितलं आणि नको म्हणाले. ९.४ होतं. त्याला बरेच दिवस झाले. पाळी जास्त जाते, हो. कच्चे तांदूळ खाते मी, पण ती सवय आहे लहानपणापासून. याचा रनिंगशी काय संबंध?

पांढरी_टोपी_परिचारिका
सगळा संबंध आहे, बाळा. रक्तदानाला १२.५ लागतं आणि १२ च्या खाली आलं की बाईमाणसाला रक्तक्षय आहे असं धरतात. तू ९.४ वर ८०० मीटर काढते आहेस. स्नायूंना प्राणवायू पोचवायचं काम हिमोग्लोबिन करतं, ते इतकं कमी असताना ३:२५ येतंय म्हणजे तुझ्या पायांत दम आहे, रक्तात नाही. कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हेही लोह कमी असल्याचं एक लक्षण आहे, नुसती सवय समजू नकोस.
बदाम-पनीर राहू दे. उद्या सरकारी रुग्णालयात जा, केसपेपर काढ आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांग: ९.४ आणि पाळी. ते रक्ताची पूर्ण तपासणी लिहून देतील. ती कर, कारण प्रत्येक वेळी लोहच कमी असतं असं नाही. बी-१२ जीवनसत्त्व कमी असू शकतं, थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा आनुवंशिक दोष) असू शकतो. लोहाच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. जंताच्या गोळीचंही विचार. गोळ्यांनी शी काळी होते, पोट जरा बिघडतं, त्याला घाबरून बंद करू नकोस. मुली नेमकं तिथेच सोडतात. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घे.
आणि जेवणावर लगेच चहा पितेस का?

खाकी_स्वप्न
हो. मेससमोरच टपरी आहे. जेवल्यावर पेपर वाचत सगळ्याच घेतो.

पांढरी_टोपी_परिचारिका
तो कप जेवणापासून तासभर लांब ने. डाळी-भाज्यांतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, चहा ते आणखी अडवतो. त्याऐवजी प्रत्येक जेवणाला अर्धं लिंबू पिळ. पेरू, आवळा मिळेल तेव्हा खा. याला फारसे पैसे लागत नाहीत.

गोडवा_घरचा
रोज एक बीट आणि खजूर-गूळ खा, महिन्यात रक्त वाढतं. माझ्या सुनेला याच उपायाने फरक पडला. गोळ्या उष्ण पडतात.

अस्मानी
बीटचा रंग लाल आहे म्हणून ही समजूत आहे. शंभर ग्रॅम बीटमध्ये लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास आणि बाईची रोजची गरज २९. ८०० रुपयांतले पैसे बीट-खजुरात घालू नकोस, प्लीज.

गोडवा_घरचा
आमच्या घरी आलेला अनुभव खोटा नाही. सून गोळ्याही घेत होती, पण बीटने तोंडाला चव आली.

मांजराकाठ
ताई, तुमचं गाव कोणतं? घरी शेती हाय का? आसंल तर ८०० रुपयांचं टेन्शन घिऊ नका. आम्ही औश्याकडचे. पोरगं शहरात शिकायला व्हतं तवा दर पंधरवड्याला यष्टीनं डबा जायचा. ज्वारीचे धपाटे दोन-तीन दिवस टिकतेत. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी महिनाभर टिकती. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चटणीत कुटा, वास बी येत नाही. मेसच्या पातळ वरणात दोन चमचे चटणी टाकली की जेवण भरतं. हुलगे भाजून त्याचं पीठ करून घ्या आईकडून, किटलीतल्या उकळत्या पाण्यात कालवलं, मीठ-जिरं टाकलं की माडग्यासारखं व्हतं. गिरणीत ज्वारी देताना नवाला एक सोयाबीन भाजून टाका. कच्चं टाकू नका, कडवट लागतं आन् पचत नाही.

खाकी_स्वप्न
रेणापूरकडचं गाव आहे. दोन एकर कोरडवाहू. सोयाबीन आणि तूर असते. हुलगे शेजारी मिळतील. सोयाबीन सगळं विकून टाकतो, पीठात घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मांजराकाठ
पायलीभर ठिवा घरात. बाजारात भाव नाही तरी पोटात हाय.

निळी_सायकल
हुलग्याच्या पिठाची कल्पना फार आवडली, वाचनखूण साठवली. माझे ओट्स मागे घेते.

लांबउडी_८८
अवांतर: गोळाफेकीकडे दुर्लक्ष करू नका. मुलींचा गोळा ४ किलोचा असतो. मनगटाने फेकू नका, मागच्या पायाने जोर लावा, गोळा मानेला चिकटलेला हवा. ८०० मध्ये अडकलेल्या बऱ्याच जणी इथे मार्क काढतात. उंची सकाळी मोजा, संध्याकाळी थोडी कमी भरते.

खाकी_स्वप्न
उंची १५७ आहे, तिचा प्रश्न नाही. गोळ्याचा वेगळा धागा काढेन.
परिचारिका ताई, उद्या सकाळी ग्राउंड बुडवून जाते दवाखान्यात. दोन गोष्टी सांगा. गोळी धावायच्या आधी घ्यायची की नंतर? आणि तोपर्यंत ग्राउंड बंद ठेवू का? बंद ठेवलं तर स्टॅमिना जाईल.

पांढरी_टोपी_परिचारिका
ग्राउंड बुडव, काही बिघडत नाही. गोळी धावून आल्यावर, काहीतरी खाऊन तासाभराने. उपाशीपोटी घेतली तर तुला मळमळेल आणि तू सोडून देशील. बंद काहीच ठेवू नकोस, पण टायमिंग लावून पळणं थांबव. हळू धावणं आणि चालणं चालू दे. छातीत धडधड झाली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच खाली बस. महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपास आणि मगच घड्याळ हातात घे. डॉक्टर वेगळं काही म्हणाले तर त्यांचं ऐक.

अस्मानी
आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा काय खातेस?

खाकी_स्वप्न
बिस्किटं. किंवा वडापाव.

अस्मानी
त्या दिवशी हुलग्याचं पीठ आणि दही. दही बाहेरून वाटीभर आण.