वेताळावर फाउंड फुटेज लघुपट: एक फोन, तीन कलाकार, आणि नायकाने बोलायचं नाही

प्रश्न – काळोखपट
विक्रम-वेताळाच्या चौकटीवर २५ मिनिटांचा फाउंड फुटेज (पात्रानेच चित्रित केलेलं, नंतर सापडलेलं चित्रण असल्यासारखा) भयपट करायचा आहे. नायकाच्या छातीवर पट्ट्याने बांधलेला फोन हाच एकमेव कॅमेरा. पाठीवर प्रेत, रात्रीची वेळ, प्रकाश फक्त टॉर्चचा. प्रश्न तीन. एक, नायक बोलणारच नसेल तर प्रेक्षक कशाला धरून राहील? दोन, अंधारात फोनचं चित्र फडफडतं आणि आवाज हळूहळू चित्रापासून सुटतो, हे कसं टाळायचं? तीन, सुरुवातीला मंत्रोच्चार टाकावा का?

उत्तर – शिंशपा
पुराणकथेवरचे बहुतेक फाउंड फुटेज पट एकाच ठिकाणी पडतात: कथेतलं भूत घेतात आणि कथेतला नियम सोडून देतात. तुमच्याकडे नियम तयार आहे, आणि तो कॅमेऱ्याला चपखल बसतो. बोललास तर प्रेत परत झाडावर. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. या प्रकारच्या चित्रपटात फोन धरणारं पात्र एरवी अखंड बडबडत असतं. तुमचं पात्र तोंड मिटून आहे, त्यामुळे त्याचा श्वास हाच संवाद.

सोमदेवाच्या कथासरित्सागरातला (११वं शतक) मूळ प्रसंग जरूर वाचा. तिथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन. तो दोर कापून प्रेत खाली टाकतो तेव्हा ते कळवळून ओरडतं. जिवंत आहे असं वाटून राजा खाली उतरतो, दयेने त्याचं अंग चोळतो, आणि ते खदाखदा हसतं. ‘हसतोस काय, चल’ एवढंच राजा बोलतो, की प्रेत पुन्हा झाडाला लटकलेलं. म्हणजे मौन पहिल्यांदा मोडतं ते पहिल्या गोष्टीच्याही आधी, माणुसकीपोटी. हा प्रसंग अजिबात गाळू नका. छातीवरच्या फोनमधून अंग चोळणारे दोन हात आणि प्रेताच्या चेहऱ्याचा फक्त खालचा भाग दिसतो. हसू कुठून आलं ते फ्रेममध्ये कळतच नाही.

२५ गोष्टींचा मोह टाळा, तीन कोडी पुरेत. प्रत्येक उत्तरानंतर थेट कट करून त्याच झाडाची तीच फ्रेम दाखवा. त्यासाठी फोनची उंची आणि झाडापासूनचं अंतर मोजून ठेवा आणि जमिनीवर खुंटी ठोका. फ्रेम वीतभर जरी सरकली तरी ‘पुन्हा तिथेच’ हा धसका जातो.

वेताळाला ‘भूत’ करू नका. तो प्रेतात शिरतो. प्रेत त्याचं स्वतःचं नसतं. नटाने चेहरा वेडावाकडा करायची गरज नाही. शरीर एकाचं आणि बोलणं दुसऱ्याचं वाटलं पाहिजे: ओठ हलतात, पण छाती श्वासाने वरखाली होत नाही. वेताळाचे संवाद स्टुडिओत वेगळे घ्या आणि श्वास कापून टाका.

मंत्राबद्दल: खरा मंत्र भीतीसाठी वापरू नका. ज्यांना अर्थ कळतो त्यांच्यासाठी दृश्य तिथेच कोसळतं, आणि ज्यांची श्रद्धा आहे त्यांना ते विनाकारण लागतं. नवी ओळ हवीच असेल तर संस्कृत जाणणाऱ्याकडून रचून घ्या. एक विभक्ती चुकली तरी कानाला खटकते.

उत्तर – ध्वनिरेषा
आवाज सुटतो त्याचं कारण बहुधा फोनचा बदलता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपली जातात तो वेग. नाव २५ किंवा ३० चं, पण अंधार पडला की फोन स्वतःच फ्रेम कमी करतो. ज्यात शटर (प्रत्येक चित्राला प्रकाश मिळण्याचा वेळ), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि फ्रेम रेट हाताने बांधता येतो असं कॅमेरा अ‍ॅप वापरा. तरीही संकलनाआधी सगळ्या फाइल हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’वर (न बदलणाऱ्या वेगावर) काढून घ्या.

फडफडण्याची कारणं दोन. टॉर्चशिवाय एखादा विजेचा दिवा फ्रेममध्ये येत असेल आणि वीज ५० हर्ट्झची असेल तर २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, म्हणजे दिवे लुकलुकत नाहीत. दुसरं कारण टॉर्च: बऱ्याच एलईडी टॉर्च मंद प्रकाशात प्रत्यक्षात वेगाने चालू-बंद होत असतात, त्याचे आडवे पट्टे चित्रात येतात. टॉर्च पूर्ण प्रकाशावरच ठेवा आणि काचेवर ट्रेसिंग पेपरचे एक-दोन थर लावून उजेड कमी करा. फोकस साधारण दोन मीटरवर बांधा, नाहीतर तो अंधारात सतत शोधत राहतो.

फोनच्या माइकवर भरवसा नको. तो शांततेत आवाज आपोआप वाढवतो, त्यामुळे श्वासाऐवजी सूं-सूं भरते. नायकाच्या छातीच्या हाडावर लहान लॅपल माइक (कपड्यांत लपवायचा छोटा माइक), खिशात रेकॉर्डर, त्याचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एरवीचा मोठ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण किंकाळीला जागा लागते. कापड माइकवर घासू नये म्हणून चिकटपट्टीची चिकट बाजू बाहेर ठेवून त्रिकोणी घडी करा, अशा दोन घड्यांमध्ये माइक धरा. एक बाजू त्वचेला, दुसरी कापडाला. हे विसरलात तर चालतानाचा प्रत्येक श्वास खरखरीत वाया जातो आणि तो नंतर साफ होत नाही.

चित्र आणि आवाज नंतर जुळवता यावेत म्हणून प्रत्येक टेकच्या सुरुवातीला आणि शेवटीही टाळी वाजवा, दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. प्रत्येक जागेची एक मिनिट नुसती शांतता वेगळी रेकॉर्ड करा, कट लपवायला तीच लागते. भीतीसाठी टाकलेली ४० हर्ट्झची खोल घरघर फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. तिच्यावर २०० ते ४०० हर्ट्झमध्ये काहीतरी चढवा.

बिघाडही यंत्राला शोभणारा हवा. फोनच्या व्हिडिओत टेपसारख्या मुंग्या येत नाहीत. चौकोनी ठोकळे येतात, किंवा चित्र गोठून आवाज पुढे चालू राहतो. कोपऱ्यातलं लाल ‘आरईसी’ आणि बॅटरीचं चिन्हही नको, फाइलमध्ये ते कधीच उतरत नाही. चित्र मात्र स्वच्छच शूट करा, खराब नंतर करा. पार्श्वसंगीत टाकायचं असेल तर हे फुटेज कोणी जोडलं त्याचं उत्तर कथेत असायला हवं. या कथेत ते नाही, म्हणून संगीत नको.

काळोखपट
पाठीवरच्या प्रेताचं काय करावं? नट उचलून लांब टेक जमत नाही.

उत्तर – शिंशपा
चेहऱ्याच्या जवळच्या दृश्यांपुरता नट, बाकी कापडी पुतळा. एकूण वजन १२ ते १५ किलो ठेवा. हलका असला की नायक वाकत नाही आणि चाल खोटी दिसते. धडात घट्ट बांधलेले कापडाचे बोळे, कंबरेशी वाळूच्या दुहेरी शिवलेल्या पिशव्या. खांदे आणि कोपर भरू नका, तिथे नुसतं दुमडलेलं कापड राहू द्या, म्हणजे सांधे लोंबतात. चूक हमखास होते ती हातांत: रिकामे तळवे बाहुलीसारखे उडतात. प्रत्येक तळव्यात ३००-४०० ग्रॅम वाळू शिवा. मग पाऊल थांबल्यावर हात क्षणभर उशिरा थांबतो, आणि छातीवरच्या फोनला फ्रेमच्या कडेला नेमका तोच दिसतो.