एआयसाठी सक्तीचा परवाना: आपल्याला ‘नको’ म्हणता येणार की नाही?

रेघाटी
केंद्र सरकारच्या उद्योग विभागाच्या (डीपीआयआयटी) समितीनं डिसेंबर २०२५ मध्ये एआय आणि कॉपीराइटवर एक टिपण काढलं. प्रस्ताव असा: कायदेशीर मार्गानं हाती आलेलं कुठलंही चित्र, गाणं, लेखन एआय कंपन्यांनी आपल्या एआयच्या प्रशिक्षणासाठी बेलाशक वापरावं, मालकाची परवानगी घ्यायला नको. हाच सक्तीचा परवाना. कमाई सुरू झाली की तिच्यातला काही टक्के वाटा एका केंद्रीय संस्थेकडे भरायचा. टक्का सरकारनं नेमलेली समिती ठरवणार, वाटप ती संस्था करणार. ‘माझं काम वगळा’ म्हणायची सोय नाही.

मी दिवाळी अंकांची रेखाटनं आणि मुखपृष्ठं करते. यंदा एका संपादकांनी एआयनं काढलेलं चित्र पाठवलं. “ताई, एवढी बोटं नीट करून द्याल? मानधन अर्थात निम्मं.” चित्रातल्या बाईला सहा बोटं, आणि नऊवारीचा काष्टा चक्क पुढून खोचलेला! आमचंच काम गिळून आमच्याच पोटावर पाय, वर तक्रार करायची नाही. नाही म्हणता येणं हाच तर कॉपीराइटचा गाभा ना?

कोडगा_कोडर
नाही म्हणून काय मिळालं आजवर? बातम्या न विचारता प्रशिक्षणाला वापरल्या म्हणून एएनआयनं २०२४ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं. ती वृत्तसंस्था आहे, वकील परवडतात. तुम्ही कुणाला खेचणार? तुमचं चित्र कुठल्या मॉडेलमध्ये गेलं हे सिद्ध तरी कसं करणार? युरोपात २०१९ च्या कॉपीराइट निर्देशानुसार मालकाला ‘वगळा’ म्हणता येतं, पण ते यंत्राला वाचता येईल अशा रीतीनं सांगावं लागतं. मोठे प्रकाशक ते करतात. इन्स्टावर चित्रं टाकणारा काय करणार? त्यापेक्षा न मागता चार पैसे आले तर वाईट काय? आयटी कंपन्यांच्या नासकॉम या संघटनेला तर तेही द्यायचे नव्हते, त्यांनी समितीत असहमती नोंदवली. कंपन्या ज्याला विरोध करतात त्याला तुम्हीही विरोध करताय, जरा बघा.

रेघाटी
त्यांचा विरोध पैसे द्यायला आहे, माझा न विचारता घ्यायला. एका माळेत ओवू नका. आणि “न मागता” कुठून आलं? रॉयल्टी हवी तर आपली कामं त्या केंद्रीय संस्थेच्या यादीत नोंदवावी लागणार. वीस वर्षांची रेखाटनं, निम्म्यांच्या मूळ प्रतीही परत आलेल्या नाहीत.

ध्रुवपद
मी गीतकार. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीआधी आमचीही हीच रड होती: एकरकमी पाकीट घ्या, सह्या करा, विषय संपला. जावेद अख्तरांनी राज्यसभेत लावून धरलं आणि कायद्यात आलं की चित्रपटातल्या वा ध्वनिमुद्रणातल्या गाण्याच्या रॉयल्टीचा समान वाटा गीतकार-संगीतकार सोडूनच देऊ शकत नाहीत, सही केली तरी. आता गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडून पैसे येतात. थोडे येतात, उशिरा येतात, पण येतात. सक्तीचा परवाना म्हणजे लूट असं मला वाटत नाही. रेडिओला गाणी वाजवायला त्याच कायद्याच्या ३१डी कलमानं तसाच परवाना मिळतो, दर ठरवून दिला जातो.

रेघाटी
तुम्हाला आयपीआरएस आहे. रेखाटनं काढणाऱ्यानं कुणाच्या दारात जायचं? आणि रेडिओ तुमचं गाणं वाजवतो, ‘तुमच्यासारखं’ गाणं फुकटात पाडत नाही.

कोडगा_कोडर
शैलीवर कॉपीराइट कधीच नव्हता. वारली पद्धतीचं चित्र कुणीही काढावं. हे टिपण प्रशिक्षणापुरतंच आहे, यंत्रातून बाहेर काय पडतं ते पुढच्या भागात. तुमची खरी तक्रार काम जाण्याची आहे, आणि त्याला कुठलाच कॉपीराइट कायदा पुरणार नाही.

खडूस_वकील
दोघंही मुद्दा सोडून भांडताय. पैसे ‘हक्कधारका’ला मिळणार. तो कलाकारच असेल हे कुणी सांगितलं? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा: पैसे घेऊन कुणासाठी फोटो काढलात, तर करारात वेगळं नसल्यास पहिला मालक तोच, पैसे देणारा. मुखपृष्ठांच्या करारात “सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे” ही ओळ ठोकळ्यासारखी असते. तिथे सही केली असेल तर एआयची रॉयल्टी प्रकाशक खाणार. पण करारात मुदत लिहिलीच नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारत. जुनी कागदपत्रं काढा, कदाचित हक्क तुमच्याकडे परत आलेतही.

नकाराचा हक्क मिळाला तरी तो वापरणारही हक्कधारकच. म्हणून मागायचंच तर ध्रुवपद म्हणाले ते मागा: सही करूनही न जाणारा वाटा, चित्रकार-फोटोग्राफरांनाही.

रेघाटी
मागूच. पण नकारासकट.

ध्रुवपद
दोन्ही मागायला गेलात तर दोन्ही जाईल. २०१२ ला आम्ही एकच धरलं होतं.

कोडगा_कोडर
वकीलसाहेब, हक्क चित्रकाराकडेच राहतील असा करारातला मजकूर इथे डकवा ना, नवीन पोरं बघतील तरी.

खडूस_वकील
“हे चित्र … या पुस्तकाच्या … या आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठीच, … वर्षांकरता, अन्य सर्व हक्क चित्रकाराकडे.” रिकाम्या जागा भरल्याशिवाय सही करू नका.