बाईचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर, तुमच्याकडे काय परिस्थिती?

पाटावरवंटा

नमस्कार मंडळी. मी करमाळा तालुक्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर चालवते, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिप, पीक विमा असली सगळी कामं. 2025 च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी, सुरू झाली तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतेय.

त्या ई-केवायसीला बाईच्या आधारला जो नंबर जोडलाय त्यावर एक ओटीपी यायचा आणि मग नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचा दुसरा. माझ्याकडे ज्या बाया आल्या त्यातल्या कितीतरी जणींचे दोन्ही ओटीपी एकाच मोबाईलवर जायचे, नवऱ्याच्या. तो रानात नाहीतर पुण्याला कंपनीत कामाला, ही माझ्या समोर बसून फोन लावणार, तो म्हणणार थांब जरा बघतो, तोवर ओटीपीची वेळ संपलेली, परत पहिल्यापासून. काहीजणींचा स्वतःचा नंबर आधारला होता पण रिचार्ज न मारल्यामुळे बंद पडून तो कंपनीने दुसऱ्याच कुणाला दिलेला. आणि ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत त्या तर नुसत्या कागद घेऊन बसून राहायच्या, त्यांना काय सांगावं तेच कळायचं नाही.

बरं ह्या बायांना नेट माहीत नाही असं अजिबात नाही. कीर्तन, ब्लाऊजच्या गळ्याची डिझाईनं, मुळव्याधीवरचे उपाय, सगळं युट्यूबवर माईक दाबून बोलून शोधतात. पण पैशाचं, फॉर्मचं, पासवर्डचं काही आलं की "ते ह्यांच्याकडं असतं". आणि पुरुष माणूस आला की त्याच्या मोबाईलमध्ये फोनपे, कांद्याचा बाजारभाव, गाडीचा इन्शुरन्स, बँकेचं ॲप, 2025 ला बंदी येईपर्यंत पैशांची ऑनलाइन रमी पण. एकाच घरातले दोन मोबाईल दोन वेगळ्या गावातले वाटतात. हा फरक आवडीचा आहे का अजून कशाचा? तुमच्या घरात, तुमच्या भागात काय दिसतं ते खरं खरं सांगा.

दुपारचा चहा

ताई प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलात. आकडे बघायचे तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पहिल्यांदा विचारलं होतं की तुम्ही इंटरनेट कधी वापरलंय का. 15 ते 49 वयोगटात महाराष्ट्रात बायका 38 टक्के आणि पुरुष 61.5 टक्के. आपल्याकडचा सर्व्हे 2019 चा, म्हणजे कोरोनाच्या आधीचा, मधे बरंच पाणी वाहून गेलंय हे मान्य. पण त्याच सर्व्हेत गोव्यात बघा, बायका 73.7 आणि पुरुष 82.9. गोव्याची बाई काही वेगळ्या मातीची नाहीये, सावंतवाडीवरून पेडण्याला जायला किती वेळ लागतो. शिक्षण, पगार, वाडीवाडीवर पोचलेली रेंज ह्या गोष्टी असल्या की फरक कमी होतो एवढं तरी ह्यातून दिसतं, त्यामुळे "बायकांना त्यातलं कळत नाही" ह्या वाक्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही.

घाटमाथा

मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका. माझ्या बायकोकडे स्वतःचा चांगला फोन आहे, तिचा पगार तिच्या खात्यात येतो, नंबर तिचाच आहे, मी तिचा मोबाईल कधी हातात पण घेत नाही. तरी लाईट बिल, गॅस, रेल्वेचं रिझर्वेशन, मुलीच्या शाळेची फी सगळं मीच भरतो, ती म्हणते तूच कर. उलट नातेवाईकांचे वाढदिवस, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, डॉक्टरची अपॉइंटमेंट, भिशीचा हिशोब तिच्याकडे, तिथे मला काही कळत नाही. म्हणजे कुणी अडवलेलं नसतानाही वाटणी होतेच ना. प्रत्येक ठिकाणी अन्यायच असतो असं नाही.

मेतकूट भात

घाटमाथा, तुमच्या घरात अन्याय आहे असं कुणी म्हणतच नाहीये, पण तुम्ही जी यादी दिलीत ती परत एकदा वाचा. तुमच्याकडची कामं बसून एकदा करायची आणि मोकळं व्हायचं अशी आहेत, आणि तिच्याकडची दिवसभर मधे मधे येत राहणारी. शाळेचा ग्रुप रात्री अकराला पण वाजतो.

मी माझ्यापुरतं सांगते. माझा फोन दिवसातला निम्मा वेळ ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा असतो, हाताला कणीक, कुकरच्या शिट्ट्या, त्यामुळे मी नेट "बघत" नाही तर ऐकते. पाचवी पोळी तव्यावर असताना ओटीपी आला तर हात धुवून पुसून येईपर्यंत स्क्रीन लॉक. फॉर्म भरायला, काहीतरी नवीन शिकायला, चुकलं तर परत करायला सलग अर्धा तास लागतो आणि तो सलग अर्धा तासच कुठे नसतो. सरकारच्याच 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणात आहे, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला 289 मिनिटं घालवतात आणि पुरुष 88. हा दोनशे मिनिटांचा फरक आधी बघा आणि मग बायकांना कीर्तन आणि रेसिपीच का आवडतात ते विचारा, कारण काम करता करता तेवढंच जमतं! आवड पण शेवटी वेळ बघूनच तयार होते असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळी ढग

मी पुण्यात हॉस्टेलला असते, वय 20. आमच्या पिढीत फोन नाही असं नाहीये, सगळ्या मुलींकडे आहे, पण भीती आहे ती कुणी मोजत नाही. आमच्या वर्गातल्या मुलांची अकाउंट उघडी असतात, खरं नाव, खरा फोटो, कुठल्याही बातमीखाली जाऊन बिनधास्त भांडतात. मुलींची लॉक. डीपीला फूल नाहीतर पाठमोरा फोटो, आडनाव गाळलेलं, आणि कमेंट लिहून पाठवायच्या आधी पुसून टाकलेली. हे असंच पाहिजे असं वाटून नाही, तर एका कमेंटवर इनबॉक्समध्ये काय काय येतं ते एकदा बघितलं की हात आपोआप मागे येतो. फेसबुकने प्रोफाईल फोटो डाउनलोड होऊ नये म्हणून जे गार्ड आणलं ते 2017 साली सगळ्यात आधी भारतात आणलं, म्हणजे त्यांना पण इथली परिस्थिती माहीत होती ना.

आणि घरी सांगायची पण सोय नाही, कारण सांगितलं की पहिला उपाय काय तर तुझाच फोन काढून घ्या. माझ्या मैत्रिणीच्या फोटोचा घाणेरडा वापर झाला तर ती महिनाभर गप्प बसली फक्त ह्याच भीतीने. कुणी वाचत असेल तर लक्षात ठेवा, सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर बायकांच्या आणि मुलांच्या बाबतीतली असली तक्रार नाव न देता पण करता येते, पैशाची फसवणूक झाली तर 1930 ला लगेच फोन करायचा. आणि मुलगी ऑनलाइन काय करते ह्यावर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे, 2013 पासून कायद्यात आहे, आता न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये.

अक्काबाई

मी अंगणवाडी सेविका, टायपिंग चुकलं तर समजून घ्या. माझ्या हातात पहिला स्मार्टफोन कामामुळे आला, त्याआधी घरात मुलाकडे होता आणि मी फक्त फोन आला की उचलायचे. पोषण ट्रॅकर ॲपवर रोज मुलांची हजेरी आणि दर महिन्याला वजन, उंची भरावी लागते. 2021 ला राज्यभर सेविकांनी ते मोबाईल परत केले होते, पेपरात आलं होतं सगळं, मोबाईल अडकायचे आणि ॲप इंग्रजीत. तेव्हा लोक म्हणायचे ह्यांना चालवता येत नाही म्हणून करतायत. चालवता येत नव्हतं म्हणून नाही, चालवून चालवून त्यातल्या अडचणी कळल्या होत्या म्हणून केलं. आमच्या बीटमधल्या, म्हणजे आजूबाजूच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या, दहावी पास बाया आज एक्सेल शीट उघडतात.

मला एवढंच सांगायचंय की बाईच्या नावावर काम आलं की मोबाईल तिच्या हातात येतो आणि हातात आला की ती शिकते. आमच्या गावात बचत गटाच्या अध्यक्ष बाईचं बघा, गटाचा हिशोब मोबाईलवर करायला लागल्यापासून तिचा नवरा तिलाच विचारतो, माझी पीएम किसान आली का बघ गं.

पाटावरवंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. मेतकूट भात ताई, तुमचं सलग अर्ध्या तासाचं एकदम पटलं. माझ्याकडे बाया संध्याकाळी कधीच येत नाहीत, दुपारी दोन ते चार ह्याच वेळात येतात, आता त्यामागचं कारण लक्षात आलं.

घाटमाथा दादा, तुमच्याकडे निदान नंबर तिचा आहे, तिला उद्या वाटलं तर ती करू शकते. इथे तेच अडतं. बँकेच्या खात्याला जो नंबर जोडलाय त्याच सिमवर यूपीआय सुरू होतं, खातं बाईचं आणि नंबर नवऱ्याचा असेल तर तिला स्वतःचं फोनपे काढताच येत नाही, कितीही शिकवा. आणि वर तिने शंभर रुपये काढले तरी मेसेज त्याला जातो. म्हणून मी आता कुणी बाई कुठल्याही कामाला आली तरी आधी विचारते, आधारला नंबर कुणाचा, बँकेला कुणाचा. आधारचा नंबर बदलायला कागदपत्र काही लागत नाही, आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन होतं, फी 75 रुपये आहे. बँकेत मात्र बाईला स्वतः अर्ज घेऊन जावं लागतं. आणि एकदा बदलला की तो नंबर चालू ठेवायचा, रिचार्ज टाळायचं नाही, हे दहा वेळा सांगते.

पोस्टमन घरी येऊन आधारचा मोबाईल नंबर बदलून देतो, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेची ती सोय आहे. तर अक्का आणि बाकी सगळ्यांना, तुमच्यापैकी कुणी गावात पोस्टमनला बोलावून बायकांचा एकत्र कॅम्प लावलाय का? अर्ज कुणाकडे द्यायचा, किती जणी जमवाव्या लागतात, नेट नसलेल्या वस्तीवर होतं का? दुपारी दोन ते चारमध्येच बसवायचा विचार आहे.

अक्काबाई

आम्ही लावला होता. तालुक्याच्या पोस्टमास्तरांना ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि सोबत बायांची यादी जोडा, नुसतं तोंडी सांगितलं तर तारीख मिळत नाही. रेंज लागते, त्यामुळे वस्तीवर नको, शाळेत नाहीतर देवळाच्या ओट्यावर ठेवा. आणि प्रत्येकीला आपलं सिम चालू मोबाईलमध्ये घालून आणायला सांगा, आमच्याकडे अर्ध्या बाया नंबर चिठ्ठीवर लिहून आल्या होत्या आणि तो कुणाचा ते त्यांनाच माहीत नव्हतं.