पंधरा सेकंदांचा आपला विनोदी व्हिडिओ : अनुभव लिहा

रामबागेतली नात
आज सकाळी पोहे भिजवून फोन हातात घेतला, तर ‘आठवणीं’मध्ये एकदम आजी आली. मे २०२०, आपलं इंदूर. टाळेबंदी, घरातली शेव संपलेली आणि लेकाला टिकटॉकचं वेड. लहान मुलाच्या रडक्या आवाजावर मोठ्यांनी ओठ हलवायचे आणि मोठ्यांच्या रागावण्यावर पोरांनी, असं चाललं होतं तेव्हा. आजी ८१ वर्षांची, नऊवारीतली. तिचा पहिला प्रश्न, "बोलायचं नाही तर तोंड कशाला हलवू?" मग समजल्यावर तिने स्वतःहून कवळी काढून वाटीत ठेवली. "लहान मूल ना? मग दात कुठले?" तिथेच आम्ही सगळे आडवे. पंधरा सेकंदांना सव्वा तास लागला, कारण फोन धरणारा हसला की फोन हलायचा.

२९ जूनला ॲपवर बंदी आली, लेकाचं खातं गेलं. ह्यांनी हा एक गॅलरीत उतरवून ठेवला होता म्हणून राहिला. आजी २०२१ मध्ये गेली. भिंतीवर तिचा पासपोर्टवाला फोटो आहे, ओठ घट्ट मिटलेला. आमची आजी तशी नव्हती, ती या व्हिडिओतली आहे. तुम्ही कुणाबरोबर केलेत असे व्हिडिओ? लिहा ना.

जीरावन
कवळी वाटीत!! ताई, दुकानात बसून हसतेय, गिऱ्हाईक बघतंय माझ्याकडे.

सुदामानगरचा भाचा
नोव्हेंबर २०१६. मॅनेक्विन चॅलेंज (सगळ्यांनी पुतळ्यासारखं थिजायचं) आणि नोटबंदी एकदमच. बँकेबाहेर ५००-१००० च्या नोटांची ती रांग आठवतेय ना? मामा म्हणाला, इथे सगळे तासभर पुतळेच झालेत, काढ व्हिडिओ. ना ओळख ना पाळख, पण सगळे तयार! एक काका आधार कार्ड उंच धरून थिजले, एक भिया, म्हणजे आपला इंदुरी भाऊ, कचोरी तोंडापाशी नेऊन. मी रांगेच्या कडेकडेने फोन धरून चालत होतो. अर्ध्यावर आलो आणि आतून शिपायाची हाक, "अगले पाच आ जाओ!" सगळे पुतळे दाराकडे पळाले. कचोरीसकट. तेवढाच भाग आम्ही अजून बघतो.

टिळकनगरच्या काकू
कुकर लावलाय, नंतर लिहिते. आमची सासू-सुनेची जोडी आहे.

गेरवाला
२०२२ ची रंगपंचमी. दोन वर्षांनी गेर, म्हणजे आपली रंगांची मिरवणूक, निघाली होती, राजवाड्याला पाय ठेवायला जागा नाही. टाळी वाजवली की रूप बदलतं, तशी रील करायची होती. आधी पांढराशुभ्र कुर्ता, टाळी, आणि पुढच्या क्षणी नखशिखान्त रंग. फोन प्लास्टिकच्या पिशवीत. पोचतोय तोच टँकरची धार अंगावर. पुरते रंगल्यावर बहिणीने विचारलं, "दादा, पांढऱ्याचा शॉट घेतलास?" कुणीच घेतला नव्हता. पण तिचं डोकं भारी चालतं. म्हणाली, उलटं करू, आधी रंगलेले, मग टाळी, मग स्वच्छ. रंग तीन दिवस हटला नाही. चौथ्या दिवशी उरलेलं शूट केलं, तरी कानामागचा हिरवा दिसतोच. नीट बघितलं तर.

पोहेजिलेबी
आदल्या रात्री खोबरेल लावायचं भिया. केसांना, कानामागे, नखांनाही.

जीरावन
विषय सोडून विचारते, भुट्टे (मक्याची कणसं) आलेत का बाजारात? किसून, दूध घालून कीस करायचाय.

पोहेजिलेबी
आलेत. कोवळे बघून घ्या. जून दाण्याचा चोथा होतो, मग कितीही दूध घाला.

लोकमान्यनगर
मला जरा वेगळं लिहायचंय. बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पाटीवर लिहून बोलायचे. चिडले की खडू मोडायचे. माझ्या भाचीने त्यांना लिपसिंक शिकवलं. आधी ऑडिओ दहादा ऐकायचे, कुठे श्वास घेतलाय ते पाटीवर रेघा मारून ठेवायचे, मग ओठ असे चपखल हलायचे की नवख्या माणसाला वाटावं हेच बोलतायत. दरडावणीचे संवाद त्यांचे लाडके. एक नातेवाईक घरी येऊन सुनावून गेले, आजारी माणसाचा तमाशा करताय म्हणून. बाबांनी पाटीवर लिहिलं, "पुढच्या व्हिडिओत तू ये."

त्यांचे ११ व्हिडिओ इन्स्टाच्या ड्राफ्टमध्ये होते. टाकू टाकू म्हणत राहिले. फोन भरला म्हणून ॲप काढून परत टाकलं आणि सगळे गेले. ड्राफ्ट फोनमध्येच असतात, खात्यात नसतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. पोस्ट केलेले चार तेवढे आहेत. बाबा नाहीत आता. तुमच्यापैकी कुणाचे ड्राफ्ट पडले असतील तर आज, आत्ता गॅलरीत उतरवा.

रामबागेतली नात
ताई, पाटीवरचं वाक्य वाचून हसले आणि लगेच डोळे भरले. त्या चारांतला एक दाखवाल?

लोकमान्यनगर
रात्री टाकते. तुमच्या आजीचाही टाका.

सुदामानगरचा भाचा
तुमचं वाचून आत्ताच ड्राफ्ट उघडले. सात निघाले, दोनांत मामा आहे. उतरवतोय.

टिळकनगरच्या काकू
झाला कुकर. तर आमचं दोन आठवडे बोलणं बंद होतं, सिलिंडर संपल्याचं कुणी आधी सांगायचं यावरून. पोरीने दोघींना ओढून फोनसमोर उभं केलं आणि अदलाबदल केली. मी सासू, सासूबाई सून. ऑडिओ असा की सुनेने हात जोडून "चुकलं माझं, आई" म्हणायचं. सासूबाई ७४ च्या. पदर खोचला, हात जोडले आणि इतकं मनापासून ओठ हलवले की मला माझा डोळे वटारायचा भाग जमेचना. पोरगी ओरडतेय, "आई, रागव ना!" व्हिडिओ संपला. सासूबाई हात खाली न घेताच म्हणाल्या, "चहा टाकते, आलं घालू?" तो आवाज मात्र त्यांचा स्वतःचा.

जीरावन
काकू 🙏 दुकान बंद करून वाचतेय. कीस चढवलाय. हिंग फोडणीत की नंतर?

पोहेजिलेबी
फोडणीतच, मोहरीबरोबर. आणि आच मंद ठेवा, खाली लागतो.