मदत हवी आहे: ही चिठ्ठी सरकारी लॉटरीची आहे का?

नमस्कार मंडळी. आमचे बाबा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले की सुकी मासळी नि एक लॉटरी, हे ठरलेलं. बायलेपेक्षा नंबरावर विश्वास जास्त, असं आई म्हणते!

गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी आणलेली चिठ्ठी बिलाच्या कागदासारखी पातळ. राज्याचं नाव नाही, बोधचिन्ह नाही, फक्त ७ हा आकडा. विक्रेता म्हणतो, "सरकारचीच, बिनधास्त घ्या." आकडा लागला, आता पैसे मागितल्यावर उद्या-परवा चाललंय.

मी १९९८चा लॉटरी नियमन कायदा काढून वाचला. कलम ४ प्रमाणे तिकिटावर राज्याची छाप नि बोधचिन्ह हवंच, सोडत राज्य सरकारनेच काढायची आणि एका अंकावर बक्षीस चालत नाही. म्हणजे हा सरळ मटकाच, नाही का?

तक्रार पोलिसांत करायची की पणजीला लॉटरी खात्याकडे? आणि मुख्य म्हणजे, चिठ्ठी दाखवली तर खेळणारा म्हणून बाबाच अडकणार नाहीत ना? वय ७२ आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा. चिठ्ठी जपून ठेवलीय, शाई पुसत चाललीय.